सहायक प्रशिक्षकाची बढती आणि खेळाडूंची भरती : पार्श्वभूमी

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलमध्ये एखाद्या सहायक प्रशिक्षकाला बढती मिळाली की दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. पुढच्या मोसमात मैदानावरचे डावपेच कोण ठरवणार, हा पहिला. आणि ज्या शाळकरी खेळाडूंनी त्या प्रशिक्षकाच्या भरवशावर विद्यापीठाला शब्द दिला आहे ते तो पाळतील का, हा दुसरा. विद्यापीठाच्या पत्रकात फक्त पहिल्याचे उत्तर असते. 2008 पासूनच्या घडामोडी ओळीने मांडल्या, तर अनेक बढत्यांचे खरे कारण दुसऱ्या प्रश्नात सापडते.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात सांगता येईल. 1964 पासून खेळाडूने इरादापत्रावर (अमुक विद्यापीठातच येईन असे लिहून देणाऱ्या कागदावर) सही केली की इतर विद्यापीठांनी त्याच्या मागे लागणे थांबवायचे, असा शिरस्ता होता आणि ही सही कित्येक दशके फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी होत असे. प्रशिक्षकांच्या बदल्या डिसेंबर-जानेवारीत उरकत आणि मुलाला नवे चेहरे पाहून निर्णय फिरवायला महिनाभर तरी मिळे.

बढती आणि भरती यांची गाठ नियमांनीच घट्ट केली ती 2008 मध्ये. 15 एप्रिल ते 31 मे या वसंतातल्या पाहणीच्या काळात (मुलांचा खेळ पाहायचा, त्यांच्याशी बोलायचे नाही, असा हा काळ) मुख्य प्रशिक्षकाने शाळांना भेटी द्यायच्या नाहीत, असे त्या वर्षी ठरले. वाटेत भेटल्याच्या निमित्ताने मोठे प्रशिक्षक मुलांशी बोलून घेतात, ही त्यामागची तक्रार होती. परिणामी वसंतातली सारी पायपीट सहायकांवर आली आणि त्यांचे मोल वाढले. नेमक्या त्याच सुमारास ‘नियोजित मुख्य प्रशिक्षक’ नावाचे एक विचित्र पद रूढ होत होते. ओरेगन, फ्लोरिडा आणि केंटकी या राज्यांतल्या विद्यापीठांनी आपापल्या सहायकांना वारस म्हणून जाहीर केले. टेक्सासमधील ऑस्टिनच्या विद्यापीठाने नोव्हेंबर 2008 मध्ये आपल्या बचाव समन्वयकाला, म्हणजे बचावाची आखणी पाहणाऱ्या सहायकाला, तोच मान दिला. भरतीच्या दृष्टीने हे सोन्याहून पिवळे होते. उद्याचा मुख्य प्रशिक्षक आज सहायक म्हणून एप्रिल-मे महिन्यांत शाळेच्या मैदानावर हजर राहू शकत होता, आणि ‘तुमच्या मुलाची चारही वर्षे माझ्याच हाताखाली जातील’ असे आईवडिलांना सांगू शकत होता.

प्रतिस्पर्ध्यांना हे खुपले नसते तरच नवल. 2010 च्या सुरुवातीला नियम बदलला आणि जाहीररीत्या वारस ठरवलेल्या सहायकालाही मुख्य प्रशिक्षकाचीच बंधने लागू झाली. ऑस्टिनच्या समन्वयकाला त्या वसंतात घरी बसावे लागले, त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये तो फ्लोरिडातील गेन्सव्हिलच्या विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक म्हणून निघून गेला, आणि वारसपद रिकामेच राहिले. त्याच्या जाण्याचे कारण एवढेच होते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण पदनाम मोठे झाल्यामुळे माणसाचे भरतीतले हातपाय बांधले गेल्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

यापेक्षा अधिक गुंतागुंतीचा शब्द म्हणजे ‘प्रशिक्षक’ हाच, आणि येथे थोडे थांबले पाहिजे. बाहेरच्याला वाटते की मैदानावर शिकवतो तो प्रशिक्षक. नियमपुस्तकाला तेवढे पुरत नव्हते. मुख्य प्रशिक्षकाखेरीज नऊ सहायकांनाच मैदानावर शिकवण्याची आणि आवाराबाहेर जाऊन खेळाडूंना भेटण्याची मुभा होती. जानेवारी 2018 पासून हा आकडा दहा झाला. श्रीमंत विद्यापीठांनी या दहांच्या मागे ‘ॲनालिस्ट’, ‘क्वालिटी कंट्रोल’ अशा नावांची मोठी फौज उभी केली. त्यांत इतरत्र मुख्य प्रशिक्षकपदावरून काढलेली अनुभवी माणसेही असत. ती चित्रफिती पाहत, डाव आखत, पण खेळाडूला मैदानावर एखादी चूक दाखवून देणे त्यांना नियमाने वर्ज्य होते. ते पाळले जाते की नाही यावर कुजबुज कायम असे. जून 2024 मध्ये नियामकांनी ही भिंत पाडली. आता कर्मचारीवर्गातला कोणीही सरावात आणि सामन्यात खेळाडूंना शिकवू शकतो.

या निर्णयाचे वर्णन बहुतेक ठिकाणी ‘प्रशिक्षकांच्या संख्येवरील मर्यादा उठली’ असे झाले, आणि ते अर्धेच खरे आहे. आवाराबाहेर भरतीसाठी जाण्याची परवानगी मुख्य प्रशिक्षक आणि दहा सहायक, म्हणजे अकरा जणांपुरतीच राहिली. मैदान सर्वांना मोकळे झाले, रस्ता मात्र मोजक्यांचाच उरला. प्रस्तुत लेखकाच्या मते या निर्णयाने बढतीचा अर्थच बदलला. पूर्वी ॲनालिस्टला दहांत घेणे म्हणजे त्याच्या हाती शिट्टी देणे होते. आता शिट्टी त्याच्याकडे आधीच असते आणि बढतीतून त्याला मिळतो तो शाळांच्या दारापर्यंतचा परवाना. छोट्या विद्यापीठांची तक्रार होती की पैसेवाले आता पगारी शिक्षकांची रांग लावतील. ती रास्तच होती, पण पूर्वीचा नियम तरी त्यांना कितपत वाचवत होता, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच विचारला गेला.

हे सारे धागे एकत्र दिसतात ते ओहायोतील कोलंबसच्या विद्यापीठात. तेथे रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, म्हणून खेळलेला आणि पुढे व्यावसायिक लीगमध्ये गेलेला एक माजी विद्यार्थी 2017 मध्ये क्वालिटी कंट्रोलच्या पदावर परतला. 2018 च्या उन्हाळ्यात रिसीव्हरांच्या प्रशिक्षकाला काढल्यावर त्याला तात्पुरते ते काम मिळाले आणि पुढच्या मोसमापासून तो कायम झाला. 2022 ते 2025 या चार वर्षांत तेथील पाच रिसीव्हर ड्राफ्टच्या, म्हणजे व्यावसायिक संघांनी दरवर्षी करायच्या नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, पहिल्या फेरीत निवडले गेले. 2024 मध्ये तर एकाला चौथा क्रमांक मिळाला. पहिल्या दोघांनी शब्द दिला तेव्हा पद त्याच्याकडे नव्हते, हे या कौतुकात सहसा विसरले जाते. तरीही देशातल्या उत्तम रिसीव्हरांना कोलंबसकडे ओढणारा माणूस तोच होता, याविषयी दुमत नाही.

म्हणून त्याला टिकवायचे कसे, हा प्रश्न दरवर्षी येई आणि त्याचे उत्तर दरवेळी नव्या पदनामाने दिले जाई. 2022 मध्ये पासिंग खेळाचा (चेंडू फेकून चढाई करण्याच्या डावांचा) समन्वयक, जानेवारी 2023 मध्ये आक्रमण समन्वयक. सामन्यात कोणता डाव खेळायचा हे मात्र 2023 च्या मोसमातही मुख्य प्रशिक्षकच पुकारत होते. समन्वयकाचा वेळ सरावाच्या आखणीत जातो, तेव्हा भरती मागे पडेल अशी शंका तेव्हा व्यक्त झाली होती. प्रत्यक्षात डिसेंबर 2023 मध्ये त्या वर्षी भरती होणाऱ्या मुलांच्या वर्गातला देशातला अव्वल मानला गेलेला खेळाडू, फ्लोरिडातला एक रिसीव्हर, घरच्या विद्यापीठांची आर्जवे बाजूला सारून कोलंबसच्या कागदावर सही करता झाला. महिनाभरातच आक्रमणाची सूत्रे बाहेरून आणलेल्या समन्वयकाकडे देण्याचे ठरले, तो काही आठवड्यांत दुसरीकडे मुख्य प्रशिक्षक झाला, मग आणखी एकाला आणले गेले. आपल्या माणसाच्या वाट्याला ‘सह-समन्वयक’ ही पाटी आली. जानेवारी 2025 मध्ये संघाने 34-23 असे राष्ट्रीय विजेतेपद जिंकले आणि त्यानंतर डाव पुकारण्याच्या अधिकारासह पूर्ण समन्वयकपद अखेर त्याला मिळाले.

दरम्यान पंचांगच बदलले होते. डिसेंबरमधील लवकर सही 2017 पासून सुरू झाली आणि 2024 मध्ये ती महिन्याच्या पहिल्या बुधवारावर आली, म्हणजे प्रशिक्षकांच्या अदलाबदलीच्या ऐन भरात. इरादापत्राची पद्धतही त्याच वर्षी संपली आणि आर्थिक साहाय्याच्या कराराने तिची जागा घेतली. ऑक्टोबर 2018 पासूनचे ट्रान्सफर पोर्टल (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी), जुलै 2021 पासून नाव आणि प्रतिमेवरची कमाई, जुलै 2025 पासून विद्यापीठांकडून थेट मिळणारा उत्पन्नाचा वाटा यांमुळे पैशाचे पारडे जड झाले हे उघड आहे. मात्र मुख्य प्रशिक्षक गेला तर खेळाडूंना पोर्टलची खास मुदत मिळते. ज्याच्या भरवशावर मूल आले तो सहायक गेला तर मिळत नाही. सही करण्यापूर्वीची घासाघीस म्हणूनच इतकी ताणली जाते.

डिसेंबर 2025 मध्ये कोलंबसच्या त्याच समन्वयकाला फ्लोरिडातील टॅम्पाच्या विद्यापीठाने मुख्य प्रशिक्षक म्हणून घेतले, ते ऐन सहीच्या मोसमात. त्या वर्गातला सर्वांत नावाजलेला रिसीव्हर फार पूर्वी कोलंबसला शब्द देऊन बसला होता. पहिल्या दिवशी त्याने सही केली नाही. इतर विद्यापीठांनी त्याला गाठण्याचा प्रयत्न केला, आणि दोन दिवसांनी, म्हणजे मुदतीच्या अखेरच्या दिवशी, त्याने कोलंबसच्याच करारावर सही केली.