एका वर्गात दोन शिक्षक: मराठवाड्यातल्या समावेशित शिक्षणामागचा इतिहास

एका खोलीत दोन शिक्षक हे दृश्य मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळांना नवीन नाही. १९८७ साली सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक असावेत असं ठरवलं. तेव्हापासून वाडी-तांड्यावरची द्विशिक्षकी शाळा इथे सगळ्यांच्या ओळखीची आहे. पहिली-दुसरी एका सरांकडे, तिसरी-चौथी दुसऱ्यांकडे. एक खोली गळायला लागली की चारही वर्ग एकाच छपराखाली. तेव्हाही दोघं आपापल्या मुलांना आपापलं शिकवत असतात. दोघांनी आधी बसून ठरवायचं आणि एकाच वर्गाला एकच पाठ मिळून शिकवायचा, म्हणजे सहअध्यापन, हे काम निराळं आहे. दिव्यांग मूल नेहमीच्या वर्गात आलं (यालाच समावेशित शिक्षण म्हणतात), त्याच्यासाठी विशेष शिक्षक आले, तेव्हा सहअध्यापनाची गरज पडली. ती गरज आजही अर्धवटच भागलेली आहे, आणि त्याची कारणं जुनी आहेत.

मुंबईत मूकबधिर मुलांची शाळा १८८५ च्या आसपास निघाली, अंध मुलांची १९०० मध्ये. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. सरकारी शिक्षणावर उर्दूचा पगडा होता. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा किंवा अंबाजोगाईची योगेश्वरी यांसारख्या शाळा लोकांनी स्वतःच्या हिमतीवर उभ्या केल्या. १७ सप्टेंबर १९४८ ला प्रदेश मुक्त झाला तेव्हा साध्या शाळाच पुरेशा नव्हत्या. दिव्यांग मुलाच्या शाळेचा विचार फार मागे राहिला. पुढे जिल्ह्याच्या गावी निवासी विशेष शाळा निघाल्या, आणि घरच्यांपुढे दोनच वाटा उरल्या: मूल घरी ठेवा, नाहीतर वसतिगृहात सोडून या. त्या शाळांनी खूप मुलांना हात दिला, हे विसरून चालणार नाही. पण विशेष शिक्षक आणि साधे शिक्षक या दोन वेगळ्या जमाती झाल्या त्या इथेच. प्रशिक्षण वेगळं, खातं वेगळं, शाळाही वेगळी.

दिल्लीत मात्र धोरण सरकत होतं. कोठारी आयोगाने (१९६४-६६) दिव्यांग मुलांना शक्य तिथे सर्वसाधारण शाळेतच शिकवावं असं सुचवलं. १९७४ मध्ये केंद्राने एकात्मिक शिक्षणाची योजना आणली, १९८६ च्या धोरणाने तीच दिशा धरली, १९९२ च्या भारतीय पुनर्वसन परिषद कायद्याने विशेष शिक्षकांची पात्रता आणि नोंदणी ठरवली, १९९५ मध्ये अपंग व्यक्तींचा कायदा झाला.

मराठवाड्यात खरा बदल घडवला तो जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाने, म्हणजे शिक्षकांच्या तोंडी असलेल्या डीपीईपीने. १९९४ मध्ये महाराष्ट्रातले पहिल्या टप्प्याचे पाचही जिल्हे इथलेच निवडले गेले: औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद आणि परभणी. निवडीचा एक निकष होता स्त्री-साक्षरता, आणि त्यात आपण मागे होतो. मागासलेपणामुळे का होईना, तालुक्याचं गटसाधन केंद्र, जवळच्या शाळांच्या गटाचं समूह साधन केंद्र, शिक्षकांची नियमित प्रशिक्षणं ही रचना इथे लवकर आली. १९९७ पासून या कार्यक्रमात दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा भाग जोडला गेला. सर्व शिक्षा अभियानाने २००१ नंतर कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारायचा नाही हे तत्त्व घेतलं आणि अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला १,२०० रुपयांपर्यंत तरतूद केली. त्यातून विशेष शिक्षक आले. कंत्राटी, तालुक्याच्या गावी बसणारे, गावोगाव फिरणारे.

सहअध्यापनाची पद्धत मात्र अमेरिकेत घडली. तिथे १९५७ मध्ये मॅसेच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनच्या फ्रँकलिन शाळेत शिक्षकांनी गट करून शिकवायचा प्रयोग झाला. १९७५ च्या कायद्याने दिव्यांग मुलांना शक्य तितकं इतर मुलांबरोबर शिकवणं बंधनकारक केलं. १९८९ च्या सुमारास साधा शिक्षक आणि विशेष शिक्षक यांनी मिळून शिकवण्याची रीतसर मांडणी झाली, आणि १९९५ मध्ये मेरिलिन फ्रेंड आणि लिन कुक यांनी ती नीट बांधून दिली. एकाने शिकवायचं, दुसऱ्याने मदत करायची, इथपासून ते दोघांनी एकत्र पाठ रंगवायचा इथपर्यंत तिचे प्रकार आहेत. २००७ मध्ये ३२ गुणात्मक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा दिसलं की बहुतेक ठिकाणी 'एक शिकवतो, एक मदत करतो' हाच प्रकार चालतो आणि विशेष शिक्षक दुय्यम राहतो. नियोजनाला वेळ नसणं ही तिथल्या शिक्षकांचीही तक्रार होती.

आपल्याकडे तर मदतनीस म्हणूनही एकत्र उभं राहणं दुर्मिळ. विशेष शिक्षिका ठरलेल्या दिवशी येतात आणि दारातच ऐकू येतं, "मॅडम, तुमची मुलं आलीत बघा आज." मग ती दोन-तीन मुलं व्हरांड्यात, चित्रकार्डांसोबत; आत फळ्यावर पाठ चालू. ते वाक्य प्रेमानेच म्हटलेलं असतं, पण वर्षानुवर्षांची वाटणी त्यात आहे. मॅडमना दोष देता येत नाही. त्यांचं प्रशिक्षण बहुधा एकाच प्रकारच्या अपंगत्वाचं, वाट्याला मात्र सगळ्या प्रकारची मुलं. शिवाय तपासणी शिबिरं, प्रमाणपत्रं, साहित्यवाटप, भत्त्याच्या याद्या. सरांना तरी फुरसत कुठे असते?

एकत्र शिकवलं की काय होतं, ते हातच्याच्या वजाबाकीत चांगलं दिसतं. बावन्नातून सत्तावीस. अर्धा वर्ग सरांबरोबर फळ्यापाशी. अर्धा मॅडमबरोबर जमिनीवर, काड्यांचे दशकगठ्ठे घेऊन. दोनातून सात जात नाहीत, म्हणून एक गठ्ठा सोडायचा, दहा काड्या सुट्या करायच्या. वीस मिनिटांनी गट बदलतात. बौद्धिक अक्षमता असलेली मुलगी त्याच गटात वीसच्या आतली उदाहरणं काड्यांनीच सोडवते. आणि फळ्यावर ज्यांना हातचा कधीच कळला नव्हता अशी इतर चार-पाच मुलंही तिच्या शेजारी बसून गठ्ठा सोडायला शिकतात. अशा तासाला 'तुमची मुलं' उरत नाहीत. पण त्यासाठी आदल्या दिवशी दोघांनी पंधरा मिनिटं बोललेलं असावं लागतं: कोणतं उदाहरण, कोण काय घेणार, त्या मुलीला कुठे थांबवायचं. माझ्या मते सगळं याच पंधरा मिनिटांवर अडलं आहे. कायदा आला, पदं आली, प्रशिक्षणं झाली. वेळापत्रकात हा वेळ कुणी लिहिला नाही.

बीडसारख्या जिल्ह्यात त्यात आणखी एक अडचण आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कोयते, म्हणजे मजुरांच्या जोड्या, निघतात, हंगामी वसतिगृहात इतर भावंडं राहू शकतात, पण जास्त आधार लागणारं मूल बहुधा आईबरोबर फडावर जातं. परत येतं तेव्हा वर्ग अर्धं वर्ष पुढे गेलेला असतो. अशा मुलासाठी दोघा शिक्षकांची नोंदींची एकच वही असणं फार मोलाचं आहे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वं मान्य केली आणि दिव्यांग व इतर मुलं एकत्र शिकतील, अध्यापनही त्यानुसार बदलेल, अशी समावेशित शिक्षणाची व्याख्या केली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला दहा आणि त्यापुढे पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्रस्तरावर, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटासाठी, विशेष शिक्षकांच्या ४,८६० पदांना मान्यता दिली. म्हणजे तालुक्याऐवजी आता केंद्र, पण एका केंद्रात दहा-बारा शाळा धरल्या तरी एका शाळेच्या वाट्याला दोन आठवड्यांतून एखादा दिवस येतो. तेवढ्यात रोजचं सहअध्यापन होणार नाही. तरी त्या एका दिवसाचा पाठ आधी ठरवता येतो, आणि त्यासाठी नवी बैठकही नको: दर महिन्याच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेला दोघंही हजर असतात. भाषणं थोडी कमी करून तिथेच अर्धा तास या जोड्यांना समोरासमोर बसवायला केंद्रप्रमुखांना कोणाची मंजुरी आणावी लागत नाही.