बजाऊ : समुद्रजीवन व संस्कृती

आग्नेय आशियातील ऑस्ट्रोनेशियन भाषाकुलाचा, सागरी परंपरेसाठी प्रसिद्ध असलेला एक लोकसमूह. फिलिपिन्समधील सुलू द्वीपसमूह, मलेशियाच्या साबा राज्याचा किनारा आणि इंडोनेशियातील सुलावेसी, पूर्व कालिमांतान व नुसा तंगारा या भागांत त्यांच्या वस्त्या विखुरल्या आहेत. बजाऊ हे नाव मुख्यतः शेजाऱ्यांनी रूढ केले. ते स्वतःला बहुधा ‘समा’ म्हणवतात व त्यांच्यातील होड्यांवर राहणारा गट ‘समा दिलाउत’ म्हणून ओळखला जातो. त्यांना सरसकट समुद्रावरचे भटके ठरवणे मात्र चुकीचे होईल. साबाच्या पश्चिम किनाऱ्यावरील कोटा बेलुड भागातले बजाऊ पिढ्यान्‌पिढ्या भातशेती करीत आले असून त्यांची ख्याती घोडेस्वारीसाठी आहे.

जोहोरच्या सुलतानाची कन्या समुद्रात हरवली, तिच्या शोधात निघालेली माणसे रिकाम्या हाताने परतायला धजली नाहीत आणि पाण्यावरच राहिली, अशी एक दंतकथा बजाऊंमध्ये निरनिराळ्या रूपांत सांगितली जाते. भाषेचा पुरावा वेगळ्या दिशेला नेतो. समा भाषांचा प्रसार दक्षिण फिलिपिन्समधील झांबोआंगाच्या परिसरातून झाला असावा आणि त्यांचे दूरचे नाते बोर्निओतील बारितो भाषांशी असावे, असे भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे. मादागास्करची मालागासी भाषाही याच बारितो गटातील होय. मॅगेलनच्या मोहिमेतील इटालियन वृत्तांतकार पिगाफेट्टा याने १५२१ मध्ये याच भागात घरदार होडीतच असलेल्या लोकांची नोंद केली आहे.

ही माणसे जगापासून तुटून राहिली, हा समजही टिकणारा नाही. समुद्रकाकडी, मोत्याचे शिंपले, कासवाचे कवच यांना चीनच्या बाजारात मोठी मागणी होती, आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत सुलूच्या सुलतानशाहीचे वैभव बऱ्याच अंशी या वस्तू खोल पाण्यातून काढणाऱ्या समा पाणबुड्यांवर उभे होते. सुलावेसीतील मकासार बंदराच्या व्यापाऱ्यांसाठीही बजाऊ हेच काम करीत. याच समा समाजातील बालांगिंगी हे सागरी धाडी घालणारे म्हणून कुप्रसिद्ध होते. फिलिपिन्सचा स्पॅनिश गव्हर्नर क्लावेरिया याने १८४८ मध्ये वाफेची जहाजे आणून त्यांचे किल्ले उद्ध्वस्त केले. होडीवर राहणाऱ्या कुटुंबांनाही किनाऱ्याची गरज रोजचीच असे. मासळी देऊन कसावा, तांदूळ व फळे घ्यायची, गोडे पाणी आणि जळण बेटावरून आणायचे, असा हा व्यवहार होता.

सुलू-साबा भागातील राहण्याची होडी म्हणजे ‘लेपा’. तिला उलांडी (होडी कलंडू नये म्हणून बाजूला जोडलेला लाकडी ओंडका) नसते. कोरलेल्या तळावर फळ्या चढवून ती बांधतात आणि पानांनी शाकारलेल्या छपराखाली एक कुटुंब राहते. मातीच्या सुट्या चुलीवर होडीतच स्वयंपाक होतो, नाळेवर कोरीव नक्षी असते. नातेवाइकांच्या होड्या एकाच ठिकाणी शेजारी-शेजारी नांगरलेल्या असतात. मासेमारीसाठी पांगलेली कुटुंबे लग्नकार्याला आणि आजारपणात तेथे जमतात. उधाण (मोठी भरती) आणि भांगाच्या (लहान) भरतीप्रमाणे जाळी टाकण्याची, भाल्याने मासे मारण्याची किंवा ओहोटीला उघड्या पडलेल्या प्रवाळातून शिंपले वेचण्याची वेळ ठरते. जन्म होडीत झाला तरी दफन जमिनीवरच होते: सुलू द्वीपसमूहातील तावी-तावी भागात त्यासाठी ठरावीक लहान बेटे राखलेली असून थडग्यांवर कोरलेल्या लाकडी खुणा उभारतात.

बहुसंख्य बजाऊ आज सुन्नी मुसलमान आहेत, तरी समुद्राचा पूर्वज-स्वामी ‘ओंबोह दिलाउत’ यास नैवेद्य देणे, नव्या तांदळाचा वार्षिक विधी करणे आणि ‘जिन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मांत्रिक-वैद्यांकडून उपचार घेणे हे अनेक ठिकाणी चालू आहे. घंटावाद्यांच्या तालावर हात व बोटांच्या सूक्ष्म हालचालींनी केले जाणारे ‘इगल’ नृत्य आणि केतकीवर्गीय पानांच्या रंगीत चटया या त्यांच्या ठळक कला होत. चटई विणणाऱ्या हाजा अमिना अप्पी यांना फिलिपिन्सने २००४ मध्ये पारंपरिक कलावंतांसाठीचा ‘राष्ट्रीय जिवंत ठेवा’ हा मान दिला.

पाण्याखालील कौशल्याविषयी बरेच अतिरंजित लिहिले गेले आहे. लाकडी चौकटीचे चष्मे लावून, हाती घरगुती भालाबंदूक घेऊन ७० मीटरपर्यंत बुडी मारल्याचे दाखले दिले जातात. रोजचे काम मात्र बहुतांशी उथळ पाण्यातच चालते. खरी थक्क करणारी बाब म्हणजे कामाच्या तासांपैकी जवळजवळ ६० टक्के वेळ पाणबुडे पाण्याखाली असतात. २०१८ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार मध्य सुलावेसीतील बजाऊंची प्लीहा (पाणथरी) शेजारच्या सालुआन लोकांपेक्षा सुमारे निम्म्याने मोठी आढळली. बुडी न मारणाऱ्या बजाऊंतही ती मोठीच होती, त्यामुळे हा केवळ सरावाचा परिणाम नसून ‘पीडीई१०ए’ या जनुकाशी निगडित आनुवंशिक बदल असावा, असा निष्कर्ष काढण्यात आला. प्लीहा आकुंचन पावताच साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात येतात व श्वास अधिक काळ रोखता येतो. आता हवेच्या कॉम्प्रेसरला नळी जोडून खोल जाण्याची पद्धत पसरली असून तिच्यामुळे दाबबदलाचे आजार, पक्षाघात व मृत्यू ओढवतात.

विसाव्या शतकात बहुतेक कुटुंबे होड्या सोडून उथळ पाण्यात खांबांवर उभारलेल्या घरांत गेली. तावी-तावीतील सितांकाईसारखे गाव जवळजवळ पूर्णपणे अशाच घरांचे आहे. १९७० च्या दशकात दक्षिण फिलिपिन्समधील मोरो मुसलमान व सरकार यांच्यात झालेल्या सशस्त्र संघर्षामुळे अनेकजण सुलूतून साबात आले. तेथील बजाऊ लाउत (समुद्रावरचे बजाऊ) गटातील कित्येकांकडे कोणत्याच देशाची कागदपत्रे नाहीत, त्यामुळे शाळा व दवाखाना त्यांना दुरापास्त ठरतो. साबातील सेंपोर्नात १९९४ पासून लेपांचा वार्षिक उत्सव भरतो आणि पर्यटक त्याला गर्दी करतात. त्याच जिल्ह्यातील तुन साकारान सागरी उद्यानात जून २०२४ मध्ये या लोकांची अनेक घरे अधिकाऱ्यांनी पाडली. सुरक्षितता आणि स्फोटकांनी होणारी मासेमारी ही कारणे पुढे करण्यात आली. स्फोटकांनी प्रवाळाची हानी होते हे खरेच, पण घरे पाडून ती कशी थांबेल याचे उत्तर त्यात नाही.

इंडोनेशियातील बजाऊंना नागरिकत्वाची अडचण तुलनेने कमी भासते. तेथे अडसर आहे तो मासेमारीच्या हद्दींचा. इंडोनेशिया व ऑस्ट्रेलिया यांच्यातील १९७४ च्या करारानुसार अ‍ॅशमोर रीफच्या आसपासच्या ऑस्ट्रेलियन क्षेत्रात पारंपरिक मच्छीमारांना प्रवेश मिळतो, परंतु तो शिडाच्या, इंजिन नसलेल्या होड्यांनाच. हद्द ओलांडणाऱ्या होड्या जप्त करून जाळण्यात आल्या आहेत.