स्टोरेज हीटर: स्वस्त विजेचं बिल महाग कसं होतं?

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मंडळींच्या वाट्याला कधी कधी गॅसची जोडणीच नसलेला फ्लॅट येतो. खोलीत भिंतीला लागून एक जाडजूड, जागचं न हलणारं धूड असतं आणि त्याच्या माथ्यावर दोन बटणं: ‘इनपुट’ आणि ‘आउटपुट’. घरमालक किल्ल्या देतो, वायफायचा पासवर्ड देतो, बटणांबद्दल मात्र चकार शब्द काढत नाही. थंडी पडली की भाडेकरू दोन्ही बटणं शेवटपर्यंत फिरवून मोकळा होतो आणि बिल आलं की त्याचे डोळे पांढरे होतात.

हे धूड म्हणजे स्टोरेज हीटर. त्याच्या पोटात विटा असतात, पण बांधकामाच्या नव्हेत. लोहाच्या ऑक्साइडपासून किंवा मॅग्नेसाइटपासून बनवलेल्या, दाट आणि जड. विटांच्या मधून विजेच्या कॉइल गेलेल्या असतात. रात्री वीज स्वस्त असताना या विटा 600 अंश सेल्सिअसच्या वर तापवायच्या आणि दिवसभर ती ऊब हळूहळू खोलीत सोडायची, एवढंच त्याचं काम. उष्णता साठवायला पाणी का नाही, असा प्रश्न पडेल. किलोमागे, अंशामागे पाणी विटेच्या चौपटीहून जास्त उष्णता धरतं हे खरं, पण शंभर अंशांना ते उकळतं. वीट सहाशे अंश सहज चढते. दीडशे किलो विटा 600 अंशांनी तापल्या की साधारण 81 मेगाज्यूल, म्हणजे साडेबावीस युनिट उष्णता त्यांच्यात मुरते. जुन्या मोठ्या हीटरची क्षमता 3.4 किलोवॅट असते. सात तास पूर्ण चालला तर तो 23.8 युनिट ओढणार. दोन्ही आकडे जवळजवळ जुळतात, कारण यंत्राची आखणीच त्या सात तासांच्या हिशोबाने झालेली आहे.

हे सात तास आले रात्री सात तास स्वस्त वीज देणाऱ्या ‘इकॉनॉमी 7’ या दरातून, जो 1978 साली सुरू झाला. कोळशाची आणि अणुऊर्जेची केंद्रं रात्री बंद करून सकाळी पुन्हा चालू करणं परवडत नाही. मध्यरात्री मागणी तर तळाला गेलेली. मग ती वीज स्वस्तात लोकांच्या घरातल्या विटांमध्ये भरून ठेवायची, हा त्यामागचा विचार. (भारतात आता घड्याळाचे काटे उलटे फिरताहेत. केंद्र सरकारच्या 2023 च्या नियमांनुसार स्वस्त तास आहेत ते भर उन्हाचे, सौरऊर्जेचे.)

मेख अशी, की रात्र स्वस्त करताना दिवस महाग केलेला असतो. समजा साधा, एकच दर युनिटला 25 पेन्स आहे आणि दोन दरांच्या योजनेत रात्री 15, दिवसा 31. मांडून पाहिलं तर एकूण वापरापैकी साडेसदतीस टक्के वीज रात्री वापरली तेव्हा कुठे दोन्ही योजना बरोबरीत येतात. त्याहून कमी वापरली तर ‘स्वस्त’ योजनेत तुम्ही पदरचे पैसे घालताय. दर बदलत राहतात, म्हणून स्वतःच्या बिलावरचे आकडे घालून हे गणित एकदा तरी करावं. स्टोरेज हीटर वापरातच नसेल आणि स्वयंपाक, धुणं सगळं दिवसाच होत असेल, तर ही योजना बहुधा तुमच्यासाठी नाही.

आता बटणं. इनपुट ठरवतं आज रात्री विटा किती तापायच्या. आउटपुट ठरवतं वरची झडप किती उघडायची. जुन्या हीटरवर लोकांचा पैसा जातो तो बहुतेक आउटपुटमुळे. झोपताना झडप उघडी राहिली तर विटा एकीकडे तापतात आणि दुसरीकडे उष्णता निसटत राहते. बूच सैल असलेल्या थर्मासात चहा भरावा तसं. पहाटे चारला खोली उबदार, त्या वेळी तुम्ही रजईत. संध्याकाळी सहाला घरी यावं तर हीटर कोमट. मग दोन किलोवॅटचा फॅन हीटर लावला जातो. तो तीन तास चालला की सहा युनिट, 31 पेन्सने एक पाउंड 86. हीच सहा युनिटं विटांमधून मिळाली असती तर 90 पेन्समध्ये भागलं असतं.

तेव्हा झोपताना आणि घराबाहेर पडताना आउटपुट अगदी कमी, आणि संध्याकाळी ऊब हवी तेव्हा उघडायचं. झडप बंद असली तरी अंगातून थोडी उष्णता पाझरतेच, ती पूर्ण थांबत नाही. इनपुटचं गणित हवामानावर. ते आज फिरवलं तर फरक उद्या दिसतो, म्हणून संध्याकाळी थंडी वाजली म्हणून इनपुट वाढवणं व्यर्थ आहे. रात्री झोपण्यापूर्वी उद्याचा अंदाज पाहावा. सौम्य दिवस असेल तर एक घर कमी करावं. काही हीटरना ‘बूस्ट’चं बटणही असतं. ते दाबलं की वीज त्याच क्षणाच्या दराने, म्हणजे दिवसा महागात, मोजली जाते. उन्हाळ्यात भिंतीवरचा स्विचच बंद करावा. आणि सत्तरच्या दशकातलं जुनं धूड असेल तर आत डोकावण्यासाठी ते उघडू नका. त्या काळच्या काही हीटरमध्ये अॅस्बेस्टॉस वापरलेलं असे.

एवढं सांभाळूनही एक मर्यादा उरते. हा हीटर एक युनिट विजेची एकच युनिट उष्णता करतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो आणि एका युनिटमागे साधारण तीन युनिटं देतो, म्हणजे 25 पेन्सच्या साध्या दरातही युनिटभर ऊब आठेक पेन्सला पडते. आपल्या 15 पेन्सच्या ‘स्वस्त’ रात्रीला तो आरामात हरवतो. पण तो बसवणं भाडेकरूच्या हातात नसतं. निदान नव्या पिढीचा, उष्णता नीट धरून ठेवणारा आणि खोलीचं तापमान पाहून स्वतःच भरून घेणारा स्टोरेज हीटर तरी बसवा, असा लकडा घरमालकाकडे लावायला माझ्या मते हरकत नाही. युरोपीय संघाने अशा हीटरच्या नियंत्रणांसाठी केलेले नियम 1 जानेवारी 2018 पासून ब्रिटनमध्येही लागू झाले.

बटणांइतकंच मीटरकडेही लक्ष हवं. जुने मीटर अनेकदा ग्रिनिच वेळेवर चालतात, त्यामुळे उन्हाळ्यात ब्रिटनमधली घड्याळं तासभर पुढे केली की रात्री साडेबारा ते साडेसातची सवलत घड्याळात दीड ते साडेआठ होते. साडेबाराला लावलेलं वॉशिंग मशीन मग तासभर महाग विजेवर चालतं. हजारो घरांत दर बदलण्याचा इशारा तर रेडिओवरून यायचा, 198 किलोहर्ट्झच्या लाँग वेव्हवर, जिथे बीबीसी रेडिओ फोर लागायचा. ही व्यवस्था जून 2025 च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं, म्हणून तसा मीटर असेल तर तो बदलून घेण्याला पर्याय नाही.

तपासणी सोपी आहे. झोपताना, उठल्यावर आणि पुन्हा संध्याकाळी मीटरवरच्या रात्रीच्या आणि दिवसाच्या दोन्ही आकड्यांचा फोटो काढा. रात्रीत एकच आकडा भरभर वाढायला हवा, दिवसा दुसरा. मग बिल काढून बघा, की रात्री वाढलेल्या आकड्याला रात्रीचाच दर लावलाय ना. हे दोन आकडे बिलात एकमेकांच्या जागी पडल्याची प्रकरणं होतात, आणि तसं दिसलं तर वेळ-तारखेसह ते फोटो पुरवठादाराला पाठवून मागची सगळी बिलं दुरुस्त करून मागावीत.