परजीवी नियंत्रण : गुरे व मेंढ्या

गुरे व मेंढ्या यांच्या शरीरात अथवा त्वचेवर राहून त्यांच्या रक्तावर आणि अन्नरसावर जगणाऱ्या जीवांचा उपद्रव सोसण्याजोग्या मर्यादेत ठेवण्यासाठी योजलेल्या उपायांना परजीवी नियंत्रण म्हणतात. गोलकृमी, पट्टकृमी व पर्णकृमी हे आंतरपरजीवी, तर गोचीड, उवा, पिसवा व खरजेचे किडे हे बाह्यपरजीवी होत. त्यांचा समूळ नाश सहसा साधत नाही, कारण त्यांच्या अंड्यांचा व पिलावळीचा मोठा हिस्सा जनावरावर नसून कुरणात, पाणथळ जागी किंवा गोठ्याच्या भेगांत असतो.

मेंढ्यांना विशेष घातक ठरणारा जंत म्हणजे हीमाँकस काँटॉर्टस. तो चौथ्या पोटात राहून रक्त शोषतो. त्याची मादी दिवसाला ५,००० ते १०,००० अंडी घालू शकते आणि पावसाळ्यातील उबदार, दमट हवेत लेंडीतील या अंड्यांपासून साधारण आठवड्याभरात तयार झालेल्या अळ्या ओल्या गवतावर चढून चरणाऱ्या मेंढीच्या पोटात जातात. बाधित मेंढीच्या पापणीची आतली बाजू पांढुरकी पडते व जबड्याखाली पाणी साठून सूज येते. हगवण मात्र बहुधा लागत नाही, त्यामुळे नुसत्या लेंडीवरून कळप निरोगी समजणारा मेंढपाळ फसतो.

पुणे-साताऱ्याकडचे काही धनगर दिवाळीनंतर वाडे (कळपांसह फिरणारे कुटुंबांचे तांडे) घेऊन कोकणात उतरतात व पावसाळ्यापूर्वी परततात. तळ्याकाठी, भातखाचरांत आणि इतर पाणथळ जागी यकृतातील पर्णकृमीला वाढवणाऱ्या गोगलगायी असतात, म्हणून अशा जागी कळप न चारणे हा औषधाइतकाच मोलाचा उपाय आहे. राखणीच्या कुत्र्यांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः मेलेल्या मेंढीचे डोके कुत्र्याने खाल्ल्यास त्यातील पुटीपासून (पट्टकृमीच्या अळ्यांच्या पाणी भरलेल्या पिशवीपासून) त्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो आणि त्याच्या विष्ठेतील अंड्यांमुळे पुढे दुसऱ्या मेंढीच्या मेंदूत पुटी होऊन ती एकाच जागी गरगर फिरू लागते.

गुरांमध्ये गोचीड रक्त पिते, शिवाय थायलेरिया, बॅबेसिया यांसारखे रोगजंतूही पसरवते. संकरित गाई थायलेरिओसिसला देशी गाईंपेक्षा लवकर बळी पडतात. पोट भरलेली मादी जनावरावरून गळून भिंतींच्या फटींत, गव्हाणीखाली हजारो अंडी घालते. त्यामुळे केवळ गाईच्या अंगावर फवारणी करून भागत नाही, तर फटी बुजवून, चुना लावून गोठ्यातही गोचीडनाशक मारावे लागते.

थायाबेंडाझोल (१९६१) आणि आयव्हरमेक्टिन (१९८१) या औषधांनी जंतनियंत्रण सोपे केले. आयव्हरमेक्टिनच्या शोधाला २०१५ मध्ये नोबेल पारितोषिकही लाभले. मात्र एकच औषध वारंवार आणि वजनाच्या अंदाजाने कमी मात्रेत पाजल्यामुळे जंत त्याला दाद देईनासे झाले. दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेल्या ‘फामाचा’ पद्धतीत पापणीच्या आतील रंग पाच छटांच्या तक्त्याशी ताडून फक्त पंडुरोगी (रक्त कमी झालेल्या) मेंढ्यांनाच औषध देतात. उरलेल्या मेंढ्यांतील औषधाला बळी पडणारे जंत टिकून राहिल्याने प्रतिकारक जंतांची संख्या सावकाश वाढते. ही पद्धत हीमाँकससारख्या रक्तशोषक जंतांपुरतीच उपयोगी असून इतर जंतांसाठी लेंडीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करावी लागते. अल्बेंडाझोल हे जंतनाशक गाभणपणाच्या सुरुवातीच्या काळात टाळतात, कारण त्याने गर्भात व्यंग येऊ शकते.