पहिलारू मेंढीचा खुराक

दख्खनी मेंढी पूर्ण वाढली की साधारण 30 किलोची होते. तिच्या मादी कोकराला नर कधी दाखवायचा, हे मात्र बहुतेक वेळा वय मोजूनच ठरतं. तिचा मेंदू अंगावरची चरबीही मोजत असतो. वाढ अपुरी असेपर्यंत अंडाशयातून येणारं थोडंसं इस्ट्रोजेन हे मादी-संप्रेरकही मेंदूला आवरून धरतं. एलएच या संप्रेरकाचे झटके विरळ येतात आणि बीज सुटत नाही. वजन वाढलं, चरबीतून लेप्टिन हे संप्रेरक रक्तात येऊ लागलं, की ही पकड सैल होते. म्हणून प्रौढ वजनाच्या दोन तृतीयांश, म्हणजे दख्खनीत 20 किलोच्या आसपास, भरल्यावरच तिला फळवावं. ताणकाटा काही फार महाग नसतो.

पहिल्या माजाची मादी बुजरी असते. तिचा माज कमी वेळ टिकतो, ती आपणहून नराजवळ जात नाही, आणि मोठ्या मेंढ्यांच्या गर्दीत तिला कोणी विचारत नाही. अशा माद्यांचा वेगळा गट करून त्यात अनुभवी मेंढा सोडावा. माजाचं चक्र सुमारे 17 दिवसांचं, त्यामुळे नर दीड महिना ठेवला तर हुकलेल्या मादीलाही पुन्हा संधी मिळते.

खरी गंमत पुढे आहे. गाभण राहिली की भरपूर चारावं, असं कुणालाही वाटेल. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या रोवेट संस्थेतल्या प्रयोगांत उलटंच दिसलं: अगदी कोवळ्या वयात गाभण राहिलेल्या मेंढ्यांना मनसोक्त खाऊ घातल्यावर त्या स्वतः वाढत राहिल्या, गर्भाला पोसणारी वार लहान राहिली आणि कोकरं कमी वजनाची, दिवस भरण्याआधीच जन्मली. आई अजून स्वतःच वाढत असते. मिळालेला खुराक ती आधी स्वतःकडे ओढते. आपल्याकडच्या भटक्या कळपांत अतिखुराकाची भीती कसली, तिथे उपासमारच जास्त. तरीही सूत्र उपयोगी आहे: सुरुवातीला बेताचा, सलग चारा आणि पाच महिन्यांच्या गाभणकाळाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत वाढता खुराक. कोकराची बहुतेक वाढ तेव्हाच होते.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या बुटक्या गारोळ मेंढीतलं फेकबी हे जनुक दख्खनीत आणलं. त्याची एक प्रत असलेल्या मेंढ्यांना जुळी होण्याचं प्रमाण बरंच वाढतं. पण रोज मैलोन्‌मैल चालणाऱ्या पहिलारूला दोन कोकरं पाजायची म्हणजे दूध कुठून आणायचं? माझ्या मते असं जनुक घेणाऱ्याने आधी वाड्यावरच्या, म्हणजे मेंढ्यांच्या मुक्कामावरच्या, खुराकाची सोय करावी, मग नर विकत आणावा.