शिवारातला रस्ता आणि नदीचं पाणी : गाडी घेऊन निघण्यापूर्वी

आमच्याकडून गाडी घेतलेले बरेच जण महामार्ग सोडून मुद्दाम शेतांमधला रस्ता धरतात. चांगलं करतात. भाडेकरारात मात्र एकच ओळ आम्ही ठळक छापली आहे : ‘गाडी वाहत्या पाण्यात घालू नये.’ सही करताना ती वाचून काही जण हसतात. हे पत्रक खरं तर त्या एका ओळीसाठी काढलं आहे. पण नदी लागेपर्यंतही बराच रस्ता कापायचा असतो, म्हणून आधी त्याबद्दल.

शेतांमधून जाताना

हे रस्ते बहुधा जुन्या गाडीवाटांवरून आणि बांधांच्या कडेने आलेले असतात. म्हणूनच सरळ चाललेला रस्ता मध्येच काटकोनात वळतो. तिथे कुणाचं तरी शेत संपलेलं असतं. मका किंवा ऊस उभा असेल तर वळणापलीकडचं काही दिसत नाही. काढणी झाली की तेच वळण लांबूनही मोकळं दिसतं, त्यामुळे मागच्या खेपेची ओळख या खेपेला उपयोगी पडेलच असं नाही.

ट्रॅक्टरचा अंदाज हमखास चुकतो. तुम्ही ताशी 80 किलोमीटरने चाललात आणि पुढचा ट्रॅक्टर 20 ने, तर मधलं अंतर सेकंदाला जवळजवळ 17 मीटरने कमी होतं. दीडशे मीटरवर निवांत दिसणारी ट्रॉली 9 सेकंदांत तुमच्या बंपरपाशी असते, आणि तिचे मागचे दिवे बऱ्याचदा भाऱ्याखाली झाकलेले असतात. आणखी एक : ट्रॅक्टर एका बाजूला सरकला की लगेच ‘वाट दिली’ असं समजू नका. ट्रॉली शेतात वळवायची तर आधी उलट बाजूला फिरावं लागतं. तुम्ही ओव्हरटेक करायला निघालात, की नेमक्या त्याच वेळी तो आडवा येतो.

नांगरटीच्या दिवसांत चाकांना चिकटून आलेली ढेकळं डांबरावर पडतात. त्यांवर पाण्याचा शिडकावा झाला की साबणावरून चालल्यासारखं होतं. गती कमी करा, पण ब्रेक एकदम दाबू नका.

फोटोसाठी थांबायचं तर शेताच्या तोंडाशी गाडी लावू नका. आतून यंत्र बाहेर यायचं असेल तर तुम्हाला शोधत फिरावं लागतं. वाळल्या गवतावर किंवा कापणीनंतरच्या धसकटांवर तर मुळीच नको. पेट्रोल गाडीच्या धुराच्या नळीवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चालत्या गाडीत काहीशे अंशांपर्यंत तापतो आणि उतरल्यावरही बराच वेळ तापलेला राहतो. खालचं गवत पेटायला तेवढं पुरतं.

आमचं मत विचाराल तर सकाळी, सूर्य पाठीशी राहील अशा बाजूने निघा. तयार झालेली सूर्यफुलं पूर्वेकडे तोंड करून स्थिर झालेली असतात (दिवसभर मान फिरवतं ते कोवळं झाड), त्यामुळे पश्चिमेकडे जाताना पुढचं सगळं शेत तुमच्याकडेच बघतंय असं वाटतं. फक्त फार पहाटे नको. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री थंड हवा उतरून नदीकाठच्या सखल भागात साचते आणि तिथेच धुकं बसतं. वर लख्ख उजेड आणि उताराच्या तळाशी पुढचं चाक दिसत नाही, असंही होतं.

नदीपाशी

पूल असेल तर विशेष काही नाही. अरुंद पुलावर जो आधी चढला त्याला जाऊ द्या. गाड्या पलीकडे नेणारी होडी (तर) असेल, तर माणसं आधी उतरवा, गाडी पहिल्या गिअरमध्ये हळू चढवा, मग इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला आणि गाडी गिअरमध्येच.

खरा प्रश्न फरशी पुलाचा, म्हणजे पाणी चढलं की ज्याच्यावरून वाहतं त्या बुटक्या पुलाचा, आणि उताराचा, म्हणजे नदी चालत ओलांडता येते त्या उथळ जागेचा. नदीला उतार सहसा दोन वळणांमधल्या सरळ पट्ट्यात मिळतो. वळणाच्या बाहेरच्या काठाला प्रवाह खणतो म्हणून तिथे डोह, आतल्या काठाला वाळू. सरळ भागात पात्र पसरतं, पाणी उथळ होऊन खळखळतं. तिथूनच माणसं, गुरं पूर्वापार जात आली. पण गाडी म्हणजे गुरं नव्हेत.

हिशेब ढोबळ आहे, तरी करून बघा. छोटी गाडी साधारण 4 मीटर लांब, 1.7 मीटर रुंद आणि हजार किलोच्या आसपास. दारं-काचा बंद असलेली गाडी पाण्यात डब्यासारखी वागते. तिचा तळ 10 सेंटिमीटर बुडाला की साधारण 680 किलोचा भार पाणी उचलतं. 15 सेंटिमीटरला जवळजवळ सगळाच. तळ रस्त्यापासून वर असतो सुमारे 17 सेंटिमीटर. म्हणजे गुडघ्यापर्यंतही न पोचणाऱ्या पाण्यात गाडी तरंगण्याच्या बेतात येते, आणि चाकांची पकड त्याही आधी सुटते. त्यात प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट होतो.

शिवाय गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की नाही, हे वरून कळत नाही. फरशीवरून पडणारं पाणी खालच्या अंगाची माती खणत असतं, मग एक दिवस कडेचा तुकडा जातो.

पाणी आपल्या डोक्यावर पाऊस नसतानाही चढतं. पाऊस वरच्या खोऱ्यात पडलेला असतो. पाण्याचा रंग बदलला, काटक्या-पालापाचोळा वाहत यायला लागला की काठावरून मागे या. वाहतं पाणी बघून परत फिरलात तर लांबच्या पुलाचे जादा किलोमीटर आम्ही भाड्यात धरत नाही. फक्त पाण्याचा एक फोटो आणा.

फरशी नुसती ओली असेल तर खुशाल जा, पण शेवाळ असतं, मध्ये ब्रेक नको. पलीकडे गेल्यावर दोन-तीनदा ब्रेक हलके दाबून वाळवून घ्या.

एवढं सांगूनही गाडी पाण्यात बंद पडलीच, तर पुन्हा सुरू करू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. आतला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन कामातून जातं. पाणी चढत असेल तर गाडीचा विचार सोडा. पट्टा काढा आणि काच लगेच खाली करा, बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार उघडणार नाही. खिडकीतून बाहेर पडा. किल्ली गाडीतच राहिली तरी चालेल.

गाडी परत देताना चिखलाची चिंता करू नका, धुण्याचे पैसे आम्ही घेत नाही. तळाला गवत किंवा काड अडकल्याची शंका असेल तर तेवढं मात्र सांगा, म्हणजे आम्ही गाडी थंड होईपर्यंत बाहेर मोकळ्यात उभी ठेवू.