बुद्रुक की खुर्द, ते शेवटीच कळतं

गेल्या लगीनसराईत खानापूरहून आत्याचा फोन आला. "अरे, मोबाईलवर पत्रिका आलीया, उघडंना झालीया. दोनदा दाबलं की!" पाठवणारा गावातलाच, ओळखीचा. मी म्हटलं, आत्या, फाईलचं नाव शेवटपर्यंत वाच बघू. "लग्नपत्रिका... पुढं टिंब हाय, आणि ए, पी, के."

फोनने तिला मध्येच विचारलं होतं, या ठिकाणाहून ॲप टाकायला परवानगी द्यायची का? तेव्हा चष्मा सापडत नव्हता म्हणून त्या प्रश्नावर तिने काहीच दाबलं नव्हतं. त्या हरवलेल्या चष्म्याने आत्याचं खातं वाचवलं.

पीडीएफ किंवा जेपीजी म्हणजे कागद. दुसरा कुणीतरी प्रोग्रॅम तो उघडून आपल्याला दाखवतो. एपीके म्हणजे अँड्रॉइडचं अख्खं ॲप, गाठोडं बांधून पाठवलेलं. ते 'उघडत' नाही, फोनमध्ये मुक्कामाला येतं. लबाडाने पाठवलेलं असेल तर आल्याआल्या एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि दिली की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी तिकडे पोचतो. वर तुमच्या नावाने तीच पत्रिका तुमच्या ओळखीच्यांना वाटत सुटतं. म्हणून "ओळखीच्याकडून आली" याला इथे काही अर्थ नाही. तो बिचारा आधी फसलेला असतो.

ही युक्ती जुनी आहे. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून 'आय लव्ह यू' नावाचा किडा ईमेलवरून जगभर पसरला. जोडलेल्या फाईलच्या नावात आधी '.टीएक्सटी' होतं आणि अगदी शेवटी '.व्हीबीएस', म्हणजे चालणारा प्रोग्रॅम. विंडोज ओळखीच्या फाईलींचं शेपूट मुळातच लपवून ठेवतं, त्यामुळे लोकांना दिसलं फक्त साधं प्रेमपत्र. ते शेपूट दाखवायची सोय विंडोजच्या सेटिंगमध्ये आजही आहे आणि आजही ती बंदच येते. हे मला कधी पटलेलं नाही.

म्हणजे खरी ओळख उजव्या टोकाला. आपल्याकडे हे कुणाला शिकवायला नको. बेळगावला लागून कंग्राळी बुद्रुक आहे आणि कंग्राळी खुर्दही आहे. 'कंग्राळी' एवढं वाचून जो निघाला, तो दुसऱ्याच गावात जेवायला बसणार.

इंटरनेटवरचे पत्तेही असेच आहेत, आणि हा माझा आवडता विषय असल्यामुळे थोडा वेळ घेतो. टपाल छाटणारा माणूस पाकिटावरचा पत्ता खालून वर वाचतो. आधी राज्य, जिल्हा, मग तालुका, गाव, गल्ली. तुमचं नाव सगळ्यात शेवटी. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी मांडलेली डीएनएस, म्हणजे नावावरून यंत्र शोधून देणारी व्यवस्था, तेच करते, फक्त आडवं. समजा पत्ता आहे 'नेट.अमुक.बँक.इन/लॉगिन'. सगळ्यात वरच्या सर्व्हरला विचारायचं, 'इन' कोण सांभाळतं? 'इन'वाल्याला विचारायचं, 'बँक.इन' कोण? त्याला विचारायचं, 'अमुक' कुठे? मग अमुक बँक सांगणार, 'नेट' अमक्या यंत्रावर आहे. प्रत्येक जण फक्त आपल्या डावीकडच्याची जबाबदारी घेतो.

आता लबाडाचा पत्ता बघा: 'अमुक.बँक.इन.केवायसी-तपासा.टॉप/लॉगिन'. डावीकडून वाचलं तर बँकच. उजवीकडून वाचलं तर मालक 'केवायसी-तपासा.टॉप' विकत घेणारा कुणीतरी, आणि त्याच्या डावीकडे काय लिहायचं ही त्याची मर्जी. मी माझ्या फाटकावर 'सुवर्ण विधानसौध' अशी पाटी लावली म्हणून पोस्टमन मुख्यमंत्र्यांची पत्रं माझ्या दारात टाकणार नाही. पण डोळा टाकतो. मोबाईलवर तर पत्त्याची पट्टी एवढीशी, लांब पत्त्याचं एक टोक बाहेरच राहतं.

वाचायची रीत एवढीच: सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'नंतरच्या दोन तिरप्या रेघा सोडून द्या, पुढची पहिली तिरपी रेघ शोधा आणि तिथून मागे डावीकडे चालू लागा. ईमेलमध्येही पाठवणाऱ्याचं ठळक नाव बघू नका, ते कुणीही काहीही लिहू शकतो. 'ॲट'नंतरचा भाग उजवीकडून वाचा.

रिझर्व्ह बँकेने हेच ओळखून २०२५ मध्ये सगळ्या बँकांना 'बँक.इन'खाली यायला सांगितलं, मुदत ३१ ऑक्टोबरची. ते शेपूट बँकेखेरीज कुणाला मिळत नाही. बँकेचं नाव सांगणाऱ्या पानाच्या पत्त्याला हे शेपूट नसेल तर तिथे पासवर्ड टाकायचं कारण नाही.

उजवीकडून वाचायचं हे कळल्यावर चोर अक्षरांकडे वळला. बेळगावात आपण तीन लिप्यांत वाढलो. मराठी शून्य, कन्नड शून्य, इंग्रजी शून्य, पाटीवर तिन्ही गोलच. संगणक मात्र आकार बघत नाही, प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक यादीतला नंबर, बघतो: इंग्रजी शून्य ४८, मराठी २४०६, कन्नड ३३०२. आपल्याला एक दिसतं, त्याच्या लेखी ते तीन वेगवेगळे पदार्थ. तसाच इंग्रजीचा छोटा 'ए' ९७ आणि रशियन लिपीतला हुबेहूब तसाच 'अ' १०७२. एप्रिल २०१७ मध्ये एका संशोधकाने सगळी अक्षरं रशियन लिपीतली घेऊन 'ॲपल' दिसेल असं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्याचं नाव, नोंदवून दाखवलं. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ते अस्सल ॲपलसारखंच दिसत होतं. आता क्रोमला असं नाव संशयास्पद वाटलं की तो ते अक्षरांत न दाखवता 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या गिचमिड रूपात दाखवतो. तीच त्या नावाची जन्मनोंद, कारण डीएनएसच्या वहीत इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच मावतं. २०१४ पासून मिळणारं आपलं '.भारत'सुद्धा आतून तसंच लिहिलेलं असतं, तेव्हा 'एक्सएन' दिसलं की चोरच, असं नाही.

फाईलच्या नावातली युक्ती याहून वात्रट. उर्दू उजवीकडून लिहितात, म्हणून युनिकोडमध्ये 'इथून पुढे उलटं दाखव' असं एक अदृश्य चिन्ह आहे. फाईलचं खरं शेपूट असतं जी-एन-पी-टिंब-जे-एस, म्हणजे जावास्क्रिप्ट, चालणारा प्रोग्रॅम. त्याच्याआधी ते चिन्ह घुसवलं की पडद्यावर दिसतं एस-जे-टिंब-पी-एन-जी, म्हणजे फोटो. २०१८ मध्ये टेलिग्रामच्या संगणकावरच्या ॲपमध्ये हा प्रकार उघडकीला आला. म्हणजे उजवं टोकसुद्धा डोळ्याने वाचून भागत नाही.

इथे मला पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून आपोआप भरणारा प्रोग्रॅम, आवडतो, तो ब्राउझरमधलाच का असेना. तो पानाचं रूप, बँकेचा लोगो, पिवळा रंग काही बघत नाही. साठवलेल्या पत्त्याचे क्रमांक आणि समोरच्या पत्त्याचे क्रमांक जुळतात का, एवढंच बघतो. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या पानावर भरला गेला नाही, तर तो स्वतः टाईप करण्याआधी पत्ता बघायचा.

पत्त्याच्या शेजारचं कुलूप बघून निश्चिंत होणारे अजून खूप आहेत. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमचं बोलणं वाटेत कुणी ऐकत नाही. पलीकडे बँक आहे की भामटा, हे ते सांगत नाही. लोकांचा हा गैरसमज जाईना म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते कुलूपच काढून टाकलं. फुकटचं अँटिव्हायरस टाकून फोन 'बांधून घेतला' म्हणणारे आणि रिक्षाला लिंबू-मिरची बांधून घाटात जोरात उतरणारे, दोघांचा हिशोब मला सारखाच वाटतो.

"गुड मॉर्निंगचं चित्र उघडू नका, बँक रिकामी होईल" हा निरोप मात्र बराचसा बाजारगप्पा. चित्र बघून धोका अगदीच अशक्य नसतो. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी नावाच्या प्रकारची चित्रं उघडणाऱ्या कोडमध्ये तसं भगदाड सापडलं होतं. ते बुजवलं अपडेटनेच, आणि गंमत म्हणजे निरोप पुढे ढकलणारेच अपडेट "नंतर" म्हणून सारतात.

चुकून ॲप बसलंच तर आधी इंटरनेट बंद, मग दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला. ही सायबर फसवणुकीची हेल्पलाईन. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत फोन गेला तर अडवता येतात. ॲप काढणं, फोन कोरा करणं त्यानंतर.

आत्याकडे खरी पत्रिका चार दिवसांनी आली, कागदी, हळद-कुंकवाची बोटं लावलेली. तिने फोन करून सांगितलं. "ही उघडली बघ," म्हणाली, "आणि खाली कार्यालयाचा पत्ता पण वाचला. शेवटनं."